मुठीवरचं खोबरेल

ती तपासणी मी दोनदा केली होती. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या ताराकाकीला तर नाहीच. गावात सगळ्यांना एकच तपासणी ठाऊक आहे, पहिली. तिच्यामुळे काय झालं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी मी एकट्याने केली, तिचं उत्तर एकट्याने पाहिलं, आणि फ्लास्कमधलं सगळं मोरीत ओतून वर नळ सोडला. आता पन्नाशी उलटल्यावर, ज्या विद्येवर माझं पोट चाललं तिच्यातलीच ही गोष्ट लिहायला बसलो आहे. हात अडतो. अडू दे.

मालवण तालुक्यात, मसुऱ्याच्या अलीकडे पाणंदीला लागून आमचं घर. बाबा मुंबईला नोकरीला. चतुर्थीला आणि मे महिन्यात यायचे. घरात आई, मी आणि ताराकाकी. काका गेले तेव्हा मी फार लहान होतो. त्यांचा चेहरा आठवत नाही; काकीचं तोंड मात्र चांगलं आठवतं, कारण ते कधी मिटलेलं नसायचं. कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची, भात करपला तर भाताला शिव्या द्यायची. तिला मूल नव्हतं. मला ती ‘झिला’, म्हणजे ‘मुला’, म्हणायची, आणि आईसमोरच म्हणायची, ‘ह्यो तुझो कमी आणि माझो जास्त.’ आई हसून सोडून द्यायची. मला ते मनातून आवडायचं, आणि चारचौघांत लाज वाटायची.

आमच्या अंगणाच्या कडेला चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्यापलीकडे भामामावशीचं घर. ही आमच्या नात्यातली नव्हे, पण काकीची सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नसे. गडग्याचे वरचे दोन चिरे त्या दोघींनी रेलून रेलून गुळगुळीत केले होते. इकडून सुक्या सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, किसमूर जायची, तिकडून फणसाची भाजी यायची. वाटी रिकामी परत करायची नाही असा त्यांचा नेम होता. एकदा काहीच नव्हतं तेव्हा काकीने वाटीत चार मिरच्या घालून पाठवल्या, आणि पलीकडून आवाज आला, ‘गो तारा, माका जाळूक बघतंस काय?’

मे महिन्यात दोघी मिळून मुठेल काढायच्या. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं सोलांसाठी वाळत पडली की बिया राहतात. त्या आमच्याकडे कुणी टाकत नाही. राखेत चोळून, धुऊन, अंगणात खडखडीत वाळवायच्या. मग जमिनीत बसवलेल्या दगडी व्हायनात दोघी समोरासमोर उभ्या राहून कुटायच्या. एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. तो आवाज माझ्या कानात आजही आहे. आमच्या कारखान्यातला एखादा पंप बिघडून तसा ठोके देऊ लागला की मी हातातलं काम थांबवून ऐकत बसतो. कुटलेलं पीठ मोठ्या टोपात पाण्यात शिजवायचं. मंद उकळीवर तेल वर तरंगतं. ते वाटीने काढून पसरट भांड्यात निवत ठेवलं की लोण्यासारखं घट्ट होऊ लागतं, आणि अगदी त्याच वेळी त्याच्या मुठी वळायच्या. थोडा उशीर झाला तर ते दगड होतं. मुठीत वळतात म्हणून मुठेल. टाचांच्या भेगांना, उललेल्या ओठांना, बाळंतिणीला, मिळालं तर भाताच्या पेजेतही.

अर्धं तेल भामामावशी आपल्या चुलीवर काढून आणायची, अर्धं काकी काढायची, पण मुठी वळायच्या काकीनेच. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मुसळाखाली चेचून वाकडी झाली होती. त्यामुळे तिच्या मुठेलावर तीनच बोटांचे खळगे उमटायचे, आणि चौथ्या जागी गुळगुळीत फुगवटा. मालवणच्या बाजारात बायका तो फुगवटा बघून माल उचलायच्या. ‘तीन बोटांचा आसा मां? मगे दी.’ काकीपाशी मिरवायला दुसरं काही नव्हतं. ती ते मिरवायची.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, रसायनशास्त्र घेऊन. त्या मे महिन्यात बांद्याचा एक व्यापारी आमच्या पडवीत येऊन बसला. गोव्यात कुणी साबण-मलमं करणारा होता, त्याला मुठेल हवं होतं, आणि एकदोन घरांचं नव्हे, सगळ्या वाडीचं. ‘तुम्ही गोळा करा, तुम्ही वळा, माका तीन बोटांचोच माल होयो,’ असं तो काकीला म्हणाला. काकी पदर सावरून ताठ बसली. तिला वाडीत कुणी असं काही विचारलं नव्हतं.

‘पण एक आसा काकीनू,’ व्यापारी म्हणाला, ‘गोयांत तपासल्याबिगर घेणत नाय.’

‘तपासूक काय आसा? हुंगान बघ.’

‘हुंगान माका कळता. कागदाक कसा कळतला?’

तेव्हा मी दारातून म्हणालो, ‘मी करतंय. आमच्या लॅबमध्ये होता.’

मला कुणी विचारलं नव्हतं. काकीचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. ती गडग्याकडे वळून ओरडली, ‘आयकलंस गो भामे? माझो झील तपासतलो! तुझो काय तपासता, पानावरचो चुनो?’

‘माझो निदान पाण्याची कळशी हाडता,’ पलीकडून उत्तर आलं. ‘तुझो नुसतो भात तपासता, दोनदा वाढून घेवन!’

त्याच दुपारी मुठी वळल्या गेल्या. मी समोर होतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे म्हणून आत्ताच सांगतो: करवंटीत खोबरेल होतं, भामामावशीच्या माडांच्या खोबऱ्याचं, आणि काकी दर मुठीआधी त्यात बोटं बुडवून दोन्ही तळवे चोळत होती. तसं केलं नाही तर मूठ हाताला चिकटते, सुटत नाही. करवंटी रिकामी झाली तेव्हा भामामावशीकडून ती पुन्हा भरून मीच आणली. नमुन्याला मुठी दिल्या तेव्हा काकीने बजावलं, ‘मोडू नको हां झिला. मोडलेली मूठ कोण घेणा नाय. तपासून झाली की परत हाड.’

लॅबमध्ये मी सगळं शास्त्राप्रमाणे केलं असं मला वाटत होतं. तुलनेसाठी आमच्याच अंगणातल्या बिया कुटून कागदाच्या नळीत भरल्या आणि सॉक्सलेट नावाच्या काचेच्या यंत्रात लावल्या. खाली पेट्रोलियम ईथर उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन थेंब थेंब बियांवर पडते, कप भरला की सगळं एकदम खाली ओढलं जातं. पुन्हा उकळी, पुन्हा थेंब. दिवसभर ते यंत्र स्वतःशीच गिळत बसल्यासारखं आवाज करतं. शेवटी ईथर उडवलं की तळाशी उरतं ते निव्वळ बीचं तेल, माणसाचा हात न लागलेलं. मग काकीची मूठ घेतली. ती दगडासारखी कडक. मोडायची तर नव्हती. म्हणून मी स्पॅच्युलाने वरून खरवडलं, एका मुठीचं थोडं, दुसरीचं थोडं, कुठे फार दिसू नये असं. दोन्ही नमुने अल्कोहोलातल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळले, आणि उरलेला पोटॅश आम्लाने मोजला. गुलाबी रंग जातो तिथे थांबायचं. तेलाचे रेणू आखूड असले तर तेवढ्याच वजनात ते जास्त मावतात आणि जास्त पोटॅश खातात. खोबरेलाचे रेणू आखूड. काकीच्या मुठेलाने बीच्या तेलापेक्षा बराच जास्त पोटॅश खाल्ला. आयोडीनची तपासणी केली तर तीही त्याच बाजूला झुकली.

सर आमचे साधे, सज्जन माणूस. त्यांनी ब्युरेटचे आकडे पाहिले, चष्मा वर सरकवला, पुन्हा पाहिले.

‘नमुना पूर्ण वितळवून, ढवळून घेतलास ना?’

‘हो सर,’ मी म्हणालो.

खोटं बोलतो आहे असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. सर विचारतात त्याला ‘हो सर’ म्हणायचं, इतकंच. ते म्हणाले, ‘मग यात खोबरेल मिसळलंय. शाब्बास! पुस्तकातली भेसळ सगळेच पकडतात, तू घरातली पकडलीस. हे प्रदर्शनाला पाठवू आपण.’ ‘घरातली’ हा शब्द मला टोचायला हवा होता. मला ‘शाब्बास’ तेवढं ऐकू आलं.

घरी पडवीत व्यापाऱ्यासमोर मी कागद वाचला. मुद्दाम प्रमाण मराठीत वाचला, कॉलेजातल्यासारखा. ‘सदर नमुन्यात खोबरेल तेलाची भेसळ असल्याचे आढळते.’ व्यापाऱ्याने पिशवी उचलली. काही वाईट बोलला नाही. ‘बघूया पुढल्या वर्साक’ म्हणाला. पुढल्या वर्षी तो आला नाही हे सांगायला नको.

मी वाट पाहत होतो की काकी आता माझ्यावर तुटून पडेल. तिने मला शिव्या घातल्या असत्या, कागद चुलीत टाकला असता, तर कदाचित मीही चिडून पुन्हा सगळं तपासलं असतं. ती म्हणाली, ‘माझ्या टोपात तर मी कायच घातलंय नाय.’ मग तिने मान वळवून गडग्याकडे बघितलं. ‘अर्धा तेल तिच्या चुलीवरचा.’

‘काकी, तसं कागदात नाही...’

‘कागद खोटो बोलात? माझो झील खोटो बोलात?’

तिने स्वतःच्या जन्मभराच्या मैत्रिणीपेक्षा माझ्या कागदावर विश्वास ठेवला. बाहेर जाऊन ती गडग्यावरून काय बोलली ते लिहिणार नाही. सगळ्या वाडीने ऐकलं. ‘माड आसत म्हणान माझ्या तेलात वतलंस? माझी तीन बोटां विकलंस?’ भामामावशी आधी हसली. तिला थट्टा वाटली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला, आणि ती एवढंच म्हणाली, ‘तारा, माझ्याकडे बघ. तारा.’ काकीने बघितलं नाही.

आमच्याकडे माणसांचं माणसांनी मिटेना की देवळात गाऱ्हाणं घालतात. भामामावशीने घातलं. गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि हात जोडून म्हटलं, ‘बा देवा म्हाराजा, हिना जर त्या तेलात काय एक घातल्यान नसात, तर उजवो कौल दी.’ सगळे श्वास रोखून उभे. उजवी पाकळी पडली. बायका कुजबुजल्या. भामामावशी रडत काकीकडे वळली. काकी म्हणाली, ‘देवाक काय कळता आतलां? झिलान मशिनीत घालून बघलेला आसा,’ आणि चालू लागली. देवाचा कौल मोडणारी बाई आमच्या गावात मी तरी दुसरी पाहिली नाही. मी खांबाला टेकून उभा होतो, आणि खरं सांगतो, मला हसू येत होतं. ओल्या पाकळीचं काय, पडेल तिकडे पडेल. आजही माझं मत तेच आहे. पण त्या दिवशी देवळात खोटा कौल दगडाने दिला नव्हता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी आई फणस फोडायला बसली. मी पुस्तक घेऊन ओसरीवर. ती विळी पुढे ओढत म्हणाली, ‘जरा खोबरेलाची वाटी दी रे, हात चिकाक लागतले.’ मी वाटी दिली. तिने तळव्यांना तेल चोळलं, मनगटापर्यंत. आमच्याकडचं पोर चालायला लागतं तेव्हापासून हे बघतं. मी बघत राहिलो. आईचे हात चकाकत होते. फणसाचे दोन भाग झाले, पांढरा चीक ओघळला आणि तिच्या हातांना न लागता निसटून खाली पडला. मला काकीचे मुठी वळणारे हात दिसले, आणि मी स्पॅच्युलाने खरवडलेला तो वरचा थर.

परत द्यायच्या मुठी अजून माझ्या कपाटातच होत्या; काकीने त्या मागितल्या नव्हत्या. कॉलेजला सुट्टी होती. किल्ली माझ्याकडे होती, कारण सरांचा माझ्यावर विश्वास होता. एक मूठ मी सुरीने मधोमध कापली. आतून ती फिकट, कोरडी, मेणासारखी. गाभ्यातला तुकडा घेतला, वितळवला, ढवळला, पुस्तकात लिहिलं आहे तसं सगळं केलं. थंड व्हायची वाट पाहताना मी मनात म्हणत होतो, जास्त येऊ दे. भेसळ निघू दे. म्हणजे दोघींपैकी एकीला चोर ठरवायला मी तयार होतो, फक्त मी चुकलेला नको होतो. गुलाबी रंग गेला. आकडा बीच्या तेलाच्या आकड्याला जाऊन चिकटला. खात्रीला आणखी एक अख्खी मूठ वितळवून पाहिली. वरचं खोबरेल त्यात कुठच्या कुठे विरून गेलं होतं. मुठेल शुद्ध होतं. खोबरेल होतं ते काकीच्या तळव्यावरचं, आणि ती करवंटी मी भरून आणली होती.

सरांना सांगायचं तर ‘हो सर’ खोटं होतं हे सांगावं लागणार होतं. प्रदर्शनाचा अर्ज गेला होता. घरी सांगायचं तर पडवीत वाचलेला कागद गिळावा लागणार होता. मी मनाला समजावलं की बायकांची भांडणं आहेत, चतुर्थीपर्यंत मिटतील. तोवर माझं प्रदर्शन होऊन जाईल, मग सांगू. प्रदर्शनात बक्षीस मिळालं. सरांनी चिठ्ठी दिली आणि त्या चिठ्ठीवर मला मुंबईकडच्या एका तेलाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली. मग सांगायला आणखी अवघड झालं. चतुर्थी आली. पहिल्यांदाच गडग्यावरून नैवेद्याची वाटी आली नाही, गेली नाही.

काकीने पुन्हा मुठेल काढलं नाही. व्हायनावर पाट टाकून त्यावर लाकडं रचली. रातांब्याच्या बिया उकिरड्यावर जाऊ लागल्या. बाजारात जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर ती म्हणायची, ‘माझां तेल बाटला.’ तिचं तोंड मिटलं. आई म्हणायची, बरं झालं, घरात शांतता आली. ती शांतता मी सुट्टीत चार दिवस सोसायचो आणि गाडी पकडायचो.

आता माझ्या हाताखाली गॅस क्रोमॅटोग्राफ आहे. तेलाचा थेंब दिला की यंत्र त्यातलं एकेक स्निग्धाम्ल वेगळं करून पडद्यावर टोकं काढून दाखवतं. खोबरेलाचं टोक तर शेंबडं पोरही ओळखेल. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी यंत्राला हात लावू देत नाही. आधी नमुना घ्यायला शिकवतो. पूर्ण वितळवा, ढवळा, मग घ्या. वरचं खरवडून काही कळत नाही. ‘सर एवढं काय चिडता?’ असं एका मुलीने विचारलं होतं. ‘सवय आहे,’ म्हणालो. लोक मला काटेकोर समजतात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या निरोप-समारंभात कुणीतरी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल बोललं आणि मी टाळ्या संपेपर्यंत मान खाली घालून बसलो. त्यालाही नम्रपणा समजले.

काकी आहे अजून. भामामावशीही आहे. दोघींच्या मधे तोच गडगा, वर शेवाळ धरलेलं. ते दोन चिरे आता गुळगुळीत राहिलेले नाहीत. गेल्या चतुर्थीला ठरवून गेलो होतो. काकी मला वाढत होती. वाकडी करंगळी भाताच्या डावाभोवती तशीच बाहेर. मी म्हटलं, ‘काकी, त्या मुठेलाचा...’ ती थांबली. ‘त्याचां काय?’ मग स्वतःच म्हणाली, ‘तू तपासलंस म्हणान कळला माका. नायतर ती अजून माझ्या मुठीत मिसळीत रवली असती.’ मी पान पुढे करून कढी मागितली.

काकीला वाचता येत नाही, आणि हे छापून आलं तरी तिला कुणी सांगणार नाही, हे लिहिताना मला ठाऊक आहे. म्हणजे इथेही मी वरचंच खरवडतो आहे. भामामावशीला आता ऐकू कमी येतं. तिला सांगायचं तर गडग्याशी उभं राहून ओरडावं लागेल, आणि वाडी ऐकेल. वाक्य मी बनवून ठेवलेलं आहे, आमच्याच बोलीत: ‘भामामावशीन तेलात कायएक घातल्यान नाय होता. खोबरेल काकीच्या हाताक होता, आणि माका तां म्हायत होता.’ एवढं मला त्या दोघींना, दोघी ऐकतील अशा जागी उभं राहून, सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.